एक्केचाळीसावा बिल्ला

१

"नसलेल्या पोराला शिबिरात जेवायला घालून दाखव," वकील म्हणाला, आणि टिवल्यानं मागचा-पुढचा विचार न करता त्याच्या हातावर टाळी दिली.

वकील म्हणजे काही कोर्टातला नव्हे. पंधरा वर्षांचं पोरगं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पाण्याला पाणी म्हटलं तरी पुरावा मागायचं, म्हणून वकील. टिवल्या त्याच्याच वयाचा. एका इयत्तेत दोनदा बसलेला, पण उचापतींत कायम पहिला. चर्चच्या वार्षिक शिबिरात दोघं गेली चार वर्षं येत होते. चारही वर्षं घरी चिठ्ठी गेली होती, आणि चारही वेळा ती टिवल्याबद्दल होती.

"चार दिवस," वकिलानं अटी सांगितल्या. "हजेरीवाल्या ताईंनी त्याला मोजलं पाहिजे, आचारीकाकांनी त्याला वाढलं पाहिजे. जमेल त्या दिवशी तुझ्या पाळीची भांडी मी घासणार, फसशील त्या दिवशी माझी तू."

"हात्तिच्या! एवढंच ना? त्याचं लग्नसुद्धा लावून देतो."

टिवल्या उगाच बढाया मारत नव्हता. या शिबिराची नस त्याला ठाऊक होती. इथं डोकी कोणी मोजायचंच नाही. व्हरांड्यात खिळ्यांची लांब फळी होती. प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा गोल बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. बाहेर जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, परत आलं की टांगायचा. फळी भरली म्हणजे सगळे आले. शिबिर चालवणारे चर्चचे पाळक, साठीचे, ढोपरं दुखणारे, दरवर्षी तेच सांगायचे, "पोरं मोजायला गेलं की हलतात. बिल्ले हलत नाहीत."

या वर्षी बिल्ले होते चाळीस. सतरा वकिलाचा, अठरा टिवल्याचा. शेवटचा, चाळीस नंबरचा, बटणचा.

बटण टिवल्याचा आतेभाऊ. आठ वर्षांचा जीव. ऊन असो वारा असो, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून फिरायचा. पहिल्यांदाच घर सोडून आला होता. निघताना आत्यानं टिवल्याचा कान धरला होता.

"नेतोयस तसा परत आण. एक ओरखडा दिसला तर तुझी चामडी लोळवीन."

"आत्या, मी आहे ना!"

"तू आहेस हीच तर काळजी आहे."

२

दूध पावडरच्या डब्याचं झाकण, एक खिळा आणि एक दगड. अर्ध्या तासात टिवल्यानं एक्केचाळीस नंबरचा असा बिल्ला ठोकला की खऱ्या बिल्ल्यांनी लाजावं. फळीवर रिकामे खिळे होतेच, त्यातल्या चाळिसाच्या शेजारच्यावर त्यानं तो टांगला. ताईंची वही प्रार्थनेच्या खोलीत टेबलावर उघडीच पडलेली असायची. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात, त्यानं चाळिसाखाली एक नाव लिहिलं. इतकं साधं की वाचणारा पुढच्या ओळीवर जाईपर्यंत विसरेल.

चार वाजता शांततेची फेरी. शिबिराच्या इमारतींमागे टेकडी होती आणि टेकडीच्या डोक्यावर पांढरा सिमेंटचा क्रूस, चार मजले उंच. पार हमरस्त्यावरून दिसायचा. ट्रकवाले त्याच्यावरून अंतर धरायचे. रोज दुपारी एकेकानं, नंबरवारीनं, मिनिटामिनिटाच्या अंतरानं ती टेकडी चढायची. बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. वर क्रूसाच्या पायाशी एक गुळगुळीत दगड होता. त्यावर हात ठेवून मनातली प्रार्थना करायची आणि मागच्या बाजूनं झाडीतून उतरायचं.

टिवल्यानं दोन बिल्ले खिशात घातले, वर जाऊन प्रार्थना केली (पकडला जाऊ नये म्हणून) आणि खाली येऊन दोन्ही टांगले. शेवटी बटण आला, फळी भरली, घंटा वाजली. ताईंनी फळीवरून बोट फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे ओरडल्या, "काका, एक्केचाळीस!"

आचारीकाकांनी एक्केचाळीस ताटं मांडली. टिवल्यानं त्या रात्री दोन अंडी आणि चार पाव खाल्ले, आणि भांडी घासणाऱ्या वकिलाशेजारी उभं राहून त्याला साबण कसा लावावा ते शिकवलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हजेरी. ताई खाली मान घालून नंबर पुकारायच्या, पोरं ओरडायची. टिवल्यानं पातळ, नाकातला आवाज तयार ठेवला होता. समोरच्या जाड्या पोराच्या पाठीमागे वाकायचं आणि सोडायचा.

"एकोणचाळीस!"

"हजर!"

"चाळीस!"

"हजर," बटण.

"एक्केचाळीस!"

टिवल्यानं तोंड उघडलं.

"हजर."

आवाज तोच होता, पातळ आणि नाकातला. फक्त तो टिवल्याच्या तोंडातून आला नव्हता. पुढून कुठून तरी आला होता, लहान पोरांच्या रांगेतून. ताईंनी टिक केली आणि वही मिटली.

टिवल्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील त्याच्याकडेच बघत होता, दोऱ्याच्या चष्म्यामागे डोळे मोठ्ठे.

"मानलं तुला," तो कुजबुजला. "ओठसुद्धा हलले नाहीत रे तुझे!"

"तुझेपण नाही हलले."

"मी कशाला हलवू? मी बोललोच कुठं?"

टिवल्या खदाखदा हसला. वकील चांगलाच तयार झाला होता म्हणायचं. पैज हरायला लागलं की माणूस नाटक करतो. कोणातरी बारक्या पोराला गोळी-बिस्किट देऊन फितवलं असणार. डोक्याला शॉट द्यायचा आणि घाबरवून पैज मोडायला लावायची. "बेटा, मी गुरूचा गुरू आहे," तो मनात म्हणाला.

पण दुपारी जेवताना तो बारक्यांच्या टेबलावरच्या जास्तीच्या ताटाकडे हात लांबवायला गेला तर ताट रिकामं होतं. चाटूनपुसून नव्हे, व्यवस्थित. पावाची कड सगळीकडून सारखी काढून ताटाभोवती गोल लावून ठेवलेली. एवढी नीटनेटकी बदमाशी वकिलाला जन्मात जमली नसती.

४

त्या दुपारी टिवल्यानं सापळा लावला. आपला अठरा नंबर उचलला आणि एक्केचाळीस तसाच खिळ्यावर ठेवला. वर जाऊन आला, व्हरांड्याच्या पायरीवर बसला, आणि फळीवर नजर रोखली. कोण फितूर आहे ते आज कळणारच होतं.

पोरं एकेक करून जात होती, एकेक करून झाडीतून परत येत होती. ऊन चांगलं लख्ख होतं. चाळिसावा निघाला. बटण एवढासा, पाठीवर हात बांधून, म्हाताऱ्या मास्तरासारखा टेकडी चढत गेला. अर्ध्या वाटेवर ठिपक्याएवढा झाला. टिवल्याला हसू आलं.

मग ठिपक्याच्या मागे, एका मिनिटाच्या अंतरानं, दुसरा ठिपका दिसला.

टिवल्या उठून उभा राहिला. डोळे चोळले. दुसरा ठिपका बटणएवढाच, हातही तसेच पाठीवर बांधलेले. दोघं चढत होते, मधलं अंतर जराही कमीजास्त होत नव्हतं. बटणचा पाय पडला की त्याचा पडायचा.

त्यानं फळीकडे पाहिलं. एक्केचाळीसचा खिळा रिकामा होता.

फळीवरून नजर हलली ती फक्त टेकडीकडे बघण्यापुरती. व्हरांड्यात त्याच्या जवळून कोणी गेलं नव्हतं. ताई आत गीतांची पुस्तकं लावत होत्या, वकील समोर कुंपणावर बसून नखं खात होता. टिवल्यानं स्वतःला समजावलं, उन्हानं होतं असं. ऊन फार वेळ बघितलं की एकाचे दोन दिसतात, हे विज्ञानात आहे. कुठल्या धड्यात ते मात्र आठवेना.

बटण झाडीतून आला आणि बिल्ला टांगून पाणी प्यायला गेला. टिवल्या त्याच्या मागं गेला. "काय रे बटण्या, तुझ्यामागं कोण होतं?"

"मागं बघायचं नसतं," बटण म्हणाला. खरंच होतं ते.

दोघं परत व्हरांड्यात आले तेव्हा एक्केचाळीस खिळ्यावर होता आणि मंद हलत होता.

५

तिसऱ्या दिवशी झोपायच्या खोलीत चादरी आवरायची टिवल्याची पाळी होती. लोखंडी दुमजली पलंग, दोन्ही भिंतींना लावलेले. बटणच्या शेजारचा खालचा पलंग पहिल्या दिवसापासून रिकामा. आज त्याची चादर चारही कोपरे जुळवून घडी घातलेली होती. उशीत मध्ये खळगा होता. टिवल्यानं हात लावला आणि काढून घेतला. ऊबदार असती तर तो वकिलावर ओरडला असता. उशी गार होती, रात्रभर गवतावर पडलेल्या कपड्यासारखी गार आणि ओलसर.

"तिथं नको बसू," बटण दारातून म्हणाला. "त्याची जागा आहे."

"कोणाची?"

"एक्केचाळीसची."

"तू बघितलंस त्याला?"

"रोजच बघतो. शेजारीच झोपतो की."

"कसा आहे दिसायला?"

बटणनं विचार केला. आठ वर्षांचं पोर खरा विचार करतं तेव्हा त्याचं कपाळ आक्रसतं. "माहीत नाही. तो नेहमी माझ्यासारखंच करतो, म्हणून मी त्याच्याकडे नीट बघत नाही. पण दादा, तो चांगला आहे. त्याला घरी यायचंय आपल्याबरोबर. बसमध्ये जागा आहे का विचारत होता."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बिल्ला असला की जागा असते."

टिवल्यानं त्याच दुपारी वकिलाला संडासामागे गाठलं आणि त्याची कॉलर धरली. वकिलानं आईची शपथ घेतली, मग बायबलची, मग स्वतःच्या चष्म्याची. चष्म्याची शपथ वकील कधी खोटी घेत नसे.

"मला वाटत होतं तूच करतोयस सगळं," वकील म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच पुराव्याशिवाय होता.

फेरीला टिवल्या वर पोचला तेव्हा दगडावर ओला पंजा उमटला होता. भर उन्हात, तापलेल्या दगडावर, ताज्या पाण्यासारखा ओला. लहान मुलाचा पंजा. हाताची पाचही बोटं सारखी नसतात असं जग म्हणतं. ही होती. अंगठासुद्धा. पाच सरळ, सारख्या लांबीच्या काड्या.

टिवल्यानं पंजाला न शिवता दगडाच्या कडेला बोट टेकवलं आणि या खेपेला प्रार्थना खरी केली. छोटी होती. "मिटव हे."

६

पण टिवल्या हा देवावर सगळं सोडणाऱ्यातला नव्हता. ज्यानं गुंता केला त्यानंच सोडवायचा, आणि तेही कोणाला कळू न देता. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं एक्केचाळीसचा बिल्ला खिळ्यावरून काढला, दगडानं चेपून चपटा केला आणि आचारीकाकांच्या भट्टीत टाकला. ताईंच्या वहीतली ती ओळ खोडरबरानं खोडली, कागद फाटेपर्यंत. हजेरी चाळिसावर थांबली. कोणी पुढं बोललं नाही. जेवायला चाळीस ताटं.

"हरलास," वकील म्हणाला.

"हरलो. आण भांडी."

"ताईंना सांगूया का रे तरी? एकदा?"

"डोकं फिरलंय का? संपलं ते. पाळक घरी चिठ्ठी धाडतील, आत्या माझी सोलून भाजी करेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यानं शीळ घालत चाळीस ताटं घासली. इतकं हलकं त्याला चार दिवसांत वाटलं नव्हतं.

निघायचं म्हणून शेवटची फेरी तीनलाच झाली. टिवल्या वर गेला तेव्हा दगड कोरडा ठणठणीत होता. खाली येऊन त्यानं बिल्ला टांगला आणि सामान बांधायला पळाला. खोलीत गोंधळ, मोजे कोणाचे, टॉवेल कोणाचा. बटणची पिशवी त्यानंच भरली. घंटा वाजली, म्हणजे फळी भरली. शेवटच्या दिवशी बिल्ला खिळ्यावरून परत काढून बसच्या दारात पत्र्याच्या डब्यात टाकायचा, तीच मोजणी. गर्दीत ढकलाढकली करत पोरं चढली. ताईंनी डबा मांडीवर ओतून बिल्ले मोजले.

"चाळीस. पूर्ण. चला हो, ड्रायव्हरसाहेब."

बटण आधीच मागच्या सीटवर, खिडकीच्या कोपऱ्यात चेपून बसला होता. टिवल्यानं त्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. पोरानं पिशवीला मिठी मारून त्यात तोंड खुपसलं.

"रडू येतंय का रे?" टिवल्यानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. "घरी चाललो की, येड्या."

डोकं हललं. टिवल्या पुढं येऊन वकिलाशेजारी बसला आणि हात पँटला पुसला. तळव्याला ओल लागली होती.

७

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. टिवल्यानं सहज खिडकीतून टेकडीकडे पाहिलं, जाताना सगळेच बघतात तसं. क्रूस पांढराशुभ्र उभा होता. त्याच्या पायाशी पिवळा ठिपका होता.

आज सकाळी बटणला पिवळा शर्ट टिवल्यानंच घातला होता. बटणं बटणनं स्वतः लावली होती.

ठिपका हलत नव्हता. किंचित वाकून उभा होता, एक हात पुढं करून, दगडावर ठेवल्यासारखा.

टिवल्याचं डोकं गरागरा कारणं शोधायला लागलं. शेळी असेल. कोणाचा तरी टॉवेल उडाला असेल. बटण मागं बसलाय, आता तर टपली मारली. तो मागं वळून खात्री करणार होता. मान अर्धी वळली आणि तिथंच थांबली. बटणच्या मागे फेरीला कोणी नसतं, तो शेवटचा. आणि ज्याचा नंबर भट्टीत गेला, तो आता कोणाचा नंबर घेणार होता?

"ताई, गाडी थांबवा. बटण वर राहिलाय."

"बस खाली बाळा. चाळीस आहेत."

"फळी भरली होती की," वकील म्हणाला, पण तोही टेकडीकडे बघत होता आणि त्याचा रंग उतरला होता.

"ताई, चाळीस खोटे आहेत!"

"टिवल्या, निदान आज तरी तुझी थेरं नकोत," पाळक पुढच्या सीटवरून म्हणाले. न चिडता. चिडले असते तर बरं झालं असतं. चार वर्षांत त्यानं इतक्यांदा लांडगा आला म्हणून ओरडून ठेवलं होतं की खरं बोलायला आता जागाच उरली नव्हती. गाडी फाटकातून बाहेर वळायला लागली. पिवळा ठिपका झाडाआड गेला.

मग टिवल्यानं जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. धावत पुढं गेला, गिअरच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकला, आणि सगळं ओकला. झाकण, खिळा, डावा हात, वही, खोडरबर, भट्टी. वकिलाचं नाव घेतलं नाही. "हजेरीच्या वहीचं शेवटचं पान बघा, ताई. फाटलंय तिथं. तिथं मी एक जास्तीचा लिहिला होता. चार दिवस तुम्ही त्याला मोजलंत. आज मी त्याला काढला, आणि आता तो... आता बटण वर आहे. मला मारा, चिठ्ठी धाडा, काय करायचं ते करा. आधी वर बघा."

ताईंनी वही काढली. फाटलेलं पान पाहिलं. पाळकांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि तसेच खाली उतरले. दुखऱ्या ढोपरांचा तो साठीचा माणूस टेकडीवर असा पळत सुटला की एक चप्पल वाटेतच राहिली.

शिबिरात पहिल्यांदाच कोणी डोकी मोजायला लागलं. ताईंनी बोट उगारलं आणि पुढच्या सीटपासून सुरुवात केली, एकेका डोक्याला बोट लावत. इंजिन बंद झालं होतं. छत्तीस. सदतीस. बोट मागं मागं जात होतं. अडतीस, एकोणचाळीस. शेवटच्या सीटपाशी ताई उभ्या राहिल्या, आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"चाळीस," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेरून पाळकांचा धापा टाकणारा आवाज आला. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ते उतरत होते, खांद्यावर पिवळा शर्ट, गळ्यापर्यंत बंद. बटण मजेत होता. फक्त त्याचा उजवा तळवा दगडाच्या गारठ्यानं पांढरा पडला होता.

"तो म्हणाला, हात काढू नकोस," तो खालूनच टिवल्याला सांगायला लागला. "म्हणाला, तुझा बिल्ला दे, मी तुझ्याऐवजी जाऊन येतो."

मागच्या कोपऱ्याकडे कोणी मान वळवली नाही, आणि कोपऱ्यातल्यानंही पिशवीतून तोंड वर काढलं नाही. मिठी मात्र घट्ट झाली. पिशवीचा पट्टा करकरला.

"हे..." ताईंचा आवाज फाटला. "हे कोणाचं पोर आहे?"

टिवल्यानं आयुष्यभर अशा प्रश्नांना एकच उत्तर दिलं होतं. काच कोणी फोडली, मी नाही. घंटा कोणी वाजवली, मी नाही. तो दोन सीट ओलांडून ताईंच्या पुढं जाऊन उभा राहिला, त्यांच्या आणि त्या कोपऱ्याच्या मध्ये.

"माझं," तो म्हणाला. "मी आणलंय. बाकीच्यांना खाली उतरवा, ताई. मी बसतो त्याच्यापाशी."